ताण वॉर्डात घडतो

परिचारिकांच्या ताणाविषयी लिहायचं म्हटलं की पहिली अडचण परिचारिकांकडूनच येते. त्या बोलत नाहीत. कोणत्या खाटेवरचं सलाईन संपत आलंय, कोणाला रात्रीपासून लघवी कमी होतेय, कोणत्या आजींनी दुपारचं जेवण परत पाठवलं, हे सिस्टर वही न उघडता सांगतात. ‘आणि सिस्टर, तुम्ही कशा आहात?’ असं विचारलं की ‘चाललंय’ एवढ्यावर विषय मिटतो. फार आग्रह केला तर ‘ड्युटीच अशी आहे, करायचं काय’ असं म्हणून हात पुन्हा इंजेक्शनच्या ट्रॉलीकडे वळतात. हे मौन नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलमध्ये शिकवलं जातं, इन्चार्ज सिस्टरच्या नजरेखाली पक्कं होतं आणि दर वर्षी १२ मे रोजी आपण बाहेरची माणसं गुलाबाचं फूल देऊन त्याला दाद देतो.

या पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं आहे. परिचारिकेचा ताण वॉर्डात घडतो: किती खाटांमागे किती जणी, महिन्याला किती रात्री, चूक झाली तर कोणाच्या माथी, या हिशेबातून. तो ताण ती कुठे लपवते, कोणाजवळ हलका करते आणि शेवटी कोणत्या दुखण्याच्या रूपाने अंगावर काढते, हे मात्र तिची भाषा, घर, धर्म आणि देश ठरवतात. म्हणून देशोदेशीच्या परिचारिकांकडे एकत्र पाहायचं. वेगळेपण कळतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे वेगवेगळ्या संस्कृतींतून तीच तीच कारणं पुन्हा वर येताना दिसतात.

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस. हातात दिवा घेतलेली त्यांची मूर्ती आपण डोक्यावर घेतली आणि त्यांच्या हातातले आकड्यांचे तक्ते विसरलो. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात सैनिक जखमांपेक्षा रोगांनी अधिक मरत होते, हे त्यांनी नोंदी ठेवून, आकृत्या काढून ब्रिटिश सरकारला दाखवलं. गटारं, हवा, पाणी, खाटांमधलं अंतर यांविषयी त्या आयुष्यभर भांडल्या. परिचारिकेने अधिक सोसावं म्हणजे सगळं ठीक होईल, असा उपाय त्यांनी सुचवला नाही. त्यांच्या नावाने होणाऱ्या सत्कारांत मात्र सोसण्याचीच स्तुती होते, आणि सोसण्याची स्तुती एकदा झाली की पगार, पाळ्या आणि मनुष्यबळ यांविषयी बोलणाऱ्या बाईलाच ओशाळवाणं वाटू लागतं.

आपल्याकडे या कामावर आणखी एक ओझं होतं. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रक्त, लघवी, पू साफ करायचा, रात्री घराबाहेर राहायचं, या तिन्ही गोष्टी जातीच्या आणि बाईपणाच्या नियमांना धक्का देणाऱ्या होत्या. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांनी जे केलं ते करायला त्या काळी ‘चांगल्या घरातली’ बाई पुढे येणं अवघड होतं. मिरजेसारख्या ठिकाणी मिशनच्या रुग्णालयांनी स्थानिक ख्रिस्ती मुलींना शिकवलं. १९०९ साली पुण्यात सेवासदन उभं राहिलं आणि रमाबाई रानडे यांनी विधवा स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणाकडे वळवलं, तेव्हा त्यांना समाजाचा रोष पत्करावा लागला. शतक उलटलं, रोष मावळला, पण लग्नाच्या बाजारात ‘नाईट ड्युटी असते का?’ हा प्रश्न आजही विचारला जातो. परिचारिकेच्या मनःस्वास्थ्याचा विचार करताना हा प्रश्न बाजूला ठेवता येत नाही.

आता या विषयाचा पाया घालणाऱ्या एका अभ्यासाकडे येतो. त्याच्याजवळ मी जरा रेंगाळणार आहे, कारण साठ वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो आपल्याच वॉर्डाविषयी लिहिल्यासारखा वाटतो. लंडनमधल्या एका मोठ्या शिक्षण-रुग्णालयाने १९५० च्या दशकाच्या अखेरीस टॅविस्टॉक इन्स्टिट्यूटकडे मदत मागितली. तक्रार व्यवस्थापनाची होती: विद्यार्थिनींचं शिक्षण आणि वॉर्डातलं मनुष्यबळ यांचा मेळ बसत नव्हता. मनोविश्लेषक इझाबेल मेंझीस तिथे गेल्या आणि त्यांना दिसलं ते वेगळंच. रुग्णालयात काठोकाठ भय भरलेलं होतं. मरण, उघडं शरीर, वेदना, रुग्णाविषयी वाटणारी माया आणि त्याच रुग्णाचा येणारा वीट, हे सगळं अठरा-वीस वर्षांच्या मुलींच्या अंगावर एकदम येत होतं. त्या भयापासून बचाव म्हणून रुग्णालयाने कामाची रचनाच तशी केली होती. एका मुलीने एका रुग्णाचं सगळं करायचं नाही. एकीने सगळ्यांचं तापमान घ्यायचं, दुसरीने सगळ्यांची अंथरुणं लावायची. रुग्णाचा उल्लेख नावाने न करता खाटेच्या क्रमांकाने किंवा बिघडलेल्या अवयवाने करायचा. प्रत्येक गोष्ट दोनदा-तीनदा तपासायची. निर्णय घ्यायची वेळ आली की तो वरच्या पायरीकडे ढकलायचा. एका वॉर्डात जीव रमायला लागला की दुसऱ्या वॉर्डात बदली.

मेंझीस यांचा निष्कर्ष कठोर होता. ही रचना भय कमी करत नव्हती, त्यात भर घालत होती. रुग्ण बरा होताना पाहण्याचं समाधान तुकड्यातुकड्यांच्या कामात हरवत होतं आणि जबाबदारी वर ढकलल्यामुळे हाताखालच्या मुलींना बेजबाबदार समजलं जात होतं. सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी शिक्षण अर्धवट सोडत होत्या आणि त्यांतल्या बहुतेक स्वतःहून जात होत्या. ज्यांना रुग्णाशी मनापासून जोडून घ्यायचं होतं, त्यांनाच तिथे टिकणं जड जात होतं.

आपल्या जिल्हा रुग्णालयात ‘बारा नंबरला इंजेक्शन द्या’, ‘कोपऱ्यातल्या पॉयझनिंगचे नातेवाईक आलेत’ असं बोललं जातं, तेव्हा त्यात निर्दयपणा नसतो. साठ रुग्णांमागे दोघी-तिघी असतील तर साठ नावं, साठ घरं, साठ भीती मनात बाळगून कोणी पहाटेपर्यंत उभं राहू शकत नाही. नाव गळून क्रमांक उरतो तो जिवाच्या रक्षणासाठी. १९७० च्या दशकापासून हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर आणि मग क्रिस्टिना मॅस्लाक यांनी ज्याला ‘बर्नआउट’ म्हटलं, त्याची तीन लक्षणं अशी: भावनिक थकवा, समोरच्या माणसाविषयी येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काहीच धड होत नाही ही भावना. यांतल्या दुसऱ्या लक्षणासाठी परिचारिकेला सर्वांत जास्त बोल लागतो. ‘सिस्टर खेकसतात’ ही तक्रार खरी असते, पण ती लिहून घेणाऱ्याने त्या पाळीत वॉर्डात किती जणी होत्या हेही त्याच कागदावर लिहावं असं मला वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली बर्नआउटची नोंद आजार म्हणून न करता कामाच्या ठिकाणाशी निगडित घटना म्हणून केली, हे या दृष्टीने योग्यच झालं.

ताण मोजण्याची साधनं नंतर आली. १९८१ साली अमेरिकेत पामेला ग्रे-टॉफ्ट आणि जेम्स अँडरसन यांनी ३४ प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. मृत्यूला सामोरं जाणं, डॉक्टरांशी खटके, अपुरी तयारी, आधाराचा अभाव, सहकारी परिचारिकांशी बेबनाव, कामाचा बोजा आणि उपचारांविषयीची अनिश्चितता, असे तिचे सात विभाग. जगभर तिची भाषांतरं झाली. २००४ साली जपान, थायलंड, दक्षिण कोरिया आणि हवाई इथल्या रुग्णालयांतील परिचारिकांचा एक तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्याच्याही मुळाशी तीच पद्धत होती. भाषा, धर्म, कुटुंबव्यवस्था सगळं भिन्न. पण कामाचा बोजा आणि मृत्यूची सोबत ही दोन कारणं पुन्हा पुन्हा वर आली. सामना करण्याच्या रीतींतही साम्य होतं: स्वतःला आवरणं, कोणाचा तरी आधार शोधणं, समस्या टप्प्याटप्प्याने सोडवणं.

मात्र या मोजपट्टीत आपल्याला ओळखीची एक गोष्ट सापडत नाही, आणि ती म्हणजे नातेवाईक. रुग्णामागे उभे असलेले सहा जण, त्यांतला एक मोबाईलवर चित्रीकरण करणारा, एक स्थानिक पुढाऱ्याला फोन लावणारा. २००० साली कॅनडातल्या संशोधकांनी ही यादी वाढवली तेव्हा रुग्ण व कुटुंबीय आणि भेदभाव हे दोन विभाग त्यात आले. महाराष्ट्राने २०१० साली वैद्यकीय सेवेतल्या व्यक्तींवरील हिंसा रोखण्यासाठी कायदा केला. त्यात परिचारिकाही येतात. तरी डॉक्टरला मारहाण झाली की बातमी होते आणि सिस्टरला शिवीगाळ झाली की तो पाळीचा भाग समजला जातो. कंत्राटी परिचारिकेला शेजारच्या कायम परिचारिकेपेक्षा निम्म्याहून कमी पगारात तेच काम करावं लागणं, एखाद्या रुग्णाने सिस्टरचं आडनाव विचारून मग पाणी घेणं, असे प्रश्न तर कोणत्याच मोजपट्टीत नाहीत. आपल्याला आपली प्रश्नावली मराठीतच, वॉर्डात बसून तयार करावी लागेल.

जपानची गोष्ट मला फार मोलाची वाटते, कारण तिथे उपाय परिचारिकांनी स्वतः घडवला. युद्धानंतरच्या जपानी रुग्णालयांत रात्री एकटीने अख्खा वॉर्ड सांभाळणं नेहमीचं होतं आणि महिन्यातल्या निम्म्याहून अधिक रात्री काम करणाऱ्याही होत्या. १९६५ साली सरकारी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्ती पाहणाऱ्या तिथल्या प्राधिकरणाने निकाल दिला की एकटीची रात्रपाळी बंद व्हावी आणि महिन्याला आठपेक्षा जास्त रात्री देऊ नयेत. निकाल कागदावर राहिला. मग १९६८ साली निगाता प्रांतातल्या सरकारी रुग्णालयांतल्या परिचारिकांनी संप करून काम थांबवण्याऐवजी वेगळी वाट धरली. रात्री किमान दोघी आणि महिन्याला जास्तीत जास्त आठ रात्री, असं ड्युटीचं वेळापत्रक त्यांनी स्वतः लिहिलं आणि त्याप्रमाणे कामावर यायला सुरुवात केली. व्यवस्थापनाला माणसं भरावी लागली. ही चळवळ देशभर पसरली.

जपानी माणूस सोशिक, तो तोंडातून ब्र काढत नाही, असं सांगणाऱ्यांनी निगाता लक्षात ठेवावं. सोशिकपणा तिथेही आहे, खूप आहे. तरी पाळीचं वेळापत्रक हातात आलं तेव्हा त्याच सोशिक बायकांनी ते बदललं. पुढची कहाणी सरळ नाही. २००६ साली जपानने सात रुग्णांमागे एक परिचारिका ठेवणाऱ्या रुग्णालयांना अधिक दर देऊ केला, तेव्हा मोठ्या शहरी रुग्णालयांनी परिचारिका ओढून घेतल्या आणि लहान गावांतली रुग्णालयं ओस पडली. आज तिथल्या अनेक रुग्णालयांत दोनच पाळ्या असतात आणि रात्रपाळी सोळा तासांपर्यंत जाते. रात्रींची संख्या मर्यादेत राहिली तरी एकेक रात्र लांबलेली.

दक्षिण कोरियात ताण परिचारिकांच्या आपसातच आडवा वाहिला. तिथे नव्या मुलीला वरिष्ठ परिचारिकांनी जाळून राख होईपर्यंत छळण्याची प्रथा इतकी रुजली होती की तिला स्वतंत्र नावच होतं. २०१८ साली सोलमधल्या एका तरुण परिचारिकेच्या आत्महत्येनंतर हा विषय देशासमोर आला आणि जुलै २०१९ पासून कामाच्या ठिकाणचा छळ रोखणाऱ्या तरतुदी कायद्यात लागू झाल्या. वरिष्ठांना खलनायिका ठरवून हा विषय संपत नाही. जिच्यावर स्वतःच्या रुग्णांचा पूर्ण बोजा आहे, तिलाच नव्या मुलीला शिकवायचं आहे आणि मुलीच्या चुकीची जबाबदारीही तिचीच, तिथे शिकवण्याचं रूपांतर छळात व्हायला वेळ लागत नाही. आपल्याकडच्या इन्चार्ज सिस्टर आणि नव्याने रुजू झालेल्या स्टाफ नर्स यांच्या नात्यात याचे सौम्य नमुने रोज दिसतात.

आकड्यांच्या बाजूने सर्वांत ठाम पुरावा अमेरिकेतून आला. लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध केला. एका परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या ३० दिवसांतल्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि परिचारिकेच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांच्या अभ्यासातही मृत्यूचा तोच ७ टक्क्यांचा आकडा आला. म्हणजे परिचारिकेची दमछाक आणि रुग्णाचं मरण एकाच कारणाशी बांधलेलं आहे. कॅलिफोर्नियाने १९९९ साली कायदा करून २००४ पासून प्रत्येक परिचारिकेमागच्या रुग्णसंख्येवर मर्यादा घातली. आपल्याकडेही निकष आहेत. शिक्षण-रुग्णालयांच्या सर्वसाधारण वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण सांगतं. कोणत्याही सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मेडिसिन वॉर्डात रात्री एक फेरी मारली तर निकष आणि वास्तव यांतलं अंतर डोळ्यांनी मोजता येतं. २०२२ च्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या. त्या मागण्यांकडे मी मनःस्वास्थ्याच्या मागण्या म्हणूनच पाहतो.

खासगी रुग्णालयांची कथा केरळच्या मुलींवाचून सांगता येत नाही. मुंबई, दिल्ली, आखात, ब्रिटन असा प्रवास करणाऱ्या या मुली शैक्षणिक कर्ज घेऊन शिकतात आणि घरचा भार अंगावर घेऊन निघतात. अनेक रुग्णालयं त्यांच्याकडून बाँड लिहून घेत, मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवत. २०११ साली मुंबईत एका तरुण परिचारिकेने आत्महत्या केली आणि तिच्या सहकारी रस्त्यावर आल्या. त्याच वर्षी केरळात युनायटेड नर्सेस असोसिएशन स्थापन झाली. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. तालुक्याच्या गावच्या नर्सिंग होममधल्या सिस्टरला तिचा पगार विचारा, म्हणजे शिफारशीचं काय झालं ते कळेल.

अरुणा शानभाग यांच्याविषयी लिहिल्याशिवाय मुंबईतल्या कोणालाही हा विषय पुढे नेता येणार नाही. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी केईएम रुग्णालयात ड्युटी संपवून कपडे बदलायला गेलेल्या या तरुण परिचारिकेवर रुग्णालयातल्याच सफाई कामगाराने हल्ला केला. मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने ती कायमची अंथरुणाला खिळली आणि १८ मे २०१५ रोजी गेली. मधली जवळजवळ बेचाळीस वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, तिची कूस बदलली. तिला हलवण्याचा प्रयत्न झाला तेव्हा त्यांनी विरोध केला. शेवटच्या काळात तिची काळजी घेणाऱ्या कित्येकींचा जन्मही हल्ल्याच्या वेळी झालेला नव्हता.

७ मार्च २०११ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे अरुणाचं नाव दयामरणाच्या चर्चेशी कायमचं जोडलं गेलं. ती चर्चा आवश्यक होती. पण कपडे बदलायची सुरक्षित खोली नसलेल्या एका कामगार स्त्रीची ही गोष्ट आहे, हे त्या चर्चेत मागे पडलं. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाचा प्रयत्न यांसाठी, बलात्कारासाठी नाहीच. परिचारिकांच्या बाजूने पाहिलं तर बेचाळीस वर्षं एका खाटेभोवती त्यांनी जे केलं, तो एक सामूहिक सामना होता. ‘आपल्यातली एक’ अशी ती खाट होती, तिची देखभाल करताना त्या स्वतःच्या भीतीचीही देखभाल करत होत्या. मानसशास्त्राच्या कोणत्याही प्रश्नावलीत याचा रकाना नाही.

दोष कोणावर येतो याचा उल्लेख वर केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविडच्या अतिदक्षता विभागाला आग लागून किमान ११ रुग्ण दगावले. अटक झालेल्यांत एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याबरोबर परिचारिका होत्या. त्या वेळी वीजजोडणी आणि अग्निशमन यंत्रणा कोणाच्या अखत्यारीत होती, हा प्रश्न परिचारिकांच्या संघटनांनी विचारला. दोषाच्या भीतीला लागून आणखी एक यातना असते. योग्य काय ते माहीत असून व्यवस्थेमुळे ते करता न येणं, याला १९८४ साली अँड्र्यू जेमटन यांनी नैतिक क्लेश म्हटलं होतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, एका ऑक्सिजनच्या खाटेसाठी दारात तीन रुग्ण असताना महाराष्ट्रातल्या किती जणींनी तो भोगला असेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जानेवारी २०२० ते मे २०२१ या काळात जगभरात सुमारे १,१५,००० आरोग्य कर्मचारी कोविडने गेले. उरलेल्यांना टाळ्या मिळाल्या, मग बदल्यांचे आदेश आले. त्या काळात जे पाहिलं ते कोणाजवळ तरी बोलायला बसवलं गेलं, असं फार थोड्या ठिकाणी झालं.

बोलायला बसवणं ही काही अशक्य गोष्ट नाही. बॉस्टनमध्ये केनेथ श्वार्ट्झ नावाचे वकील १९९५ साली फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. उपचारांच्या काळात कर्मचाऱ्यांनी दाखवलेल्या जिव्हाळ्याने ते भारावले होते. त्यांच्या नावाने सुरू झालेल्या बैठकांत डॉक्टर, परिचारिका, सफाई कर्मचारी एकत्र बसतात आणि एखाद्या रुग्णाच्या निमित्ताने आपल्याला काय वाटलं एवढंच बोलतात. उपचार बरोबर होते की चूक, हा विषय तिथे नसतो. ब्रिटननेही या बैठका स्वीकारल्या. आपल्याकडे परिचारिकांनी अशा जागा स्वतःच शोधून ठेवल्या आहेत: होस्टेलची गच्ची, चहाची टपरी, लोकलचा लेडीज डबा, केरळच्या मुलींची रविवारची प्रार्थना. रुग्णालयाने निदान त्यांच्या वेळेचा मान राखावा. पण दोन पाळ्या जोडून केलेल्या सिस्टरला सुट्टीच्या दिवशी ‘तणावमुक्ती शिबिरा’ला हजर राहण्याची सक्ती करणं मला चुकीचं वाटतं. तिला त्या दिवशी झोप हवी असते.

पुस्तकाच्या पुढच्या भागात रात्रपाळी, मृत्यू, वरिष्ठ-कनिष्ठ नाती, स्थलांतर आणि हिंसा यांवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. पुरुष परिचारकांवरचं प्रकरण छोटं आहे, कारण त्यांच्याविषयीची सामग्रीच थोडी आहे. ज्यांच्याकडे वेळ कमी आहे अशा अधिसेविकांनी आणि रुग्णालयाच्या अधीक्षकांनी रात्रपाळीचं प्रकरण आधी वाचावं. त्यातल्या बऱ्याच गोष्टींना वेगळा निधी लागत नाही, वेळापत्रक लागतं. नर्सिंगच्या विद्यार्थिनींनी मृत्यूचं प्रकरण आधी वाचावं आणि वर्गात त्यावर बोलावं, पाठ्यनिर्देशिकांनी त्यांना बोलू द्यावं.

आणि हे वाचणारी एखादी सिस्टर सध्या झोप उडालेली, विनाकारण रडू येणारी, किंवा जगणं नकोसं वाटणारी असेल, तर तिने पुस्तक संपण्याची वाट पाहू नये. भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे, चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. रात्री तीनलाही फोन उचलला जातो.